बोटीवाल्या पोरा, तुझ्यामुळं मी परदेशात पोटभर जेवले

चि. बोटीवाल्यास,
काकूचे अनेक आशीर्वाद.

तुझं खरं नाव इथं लिहीत नाही. तुझी आई म्हणेल, एवढा गाजावाजा कशाला. गल्लीत तुला सगळे बोटीवाला म्हणूनच ओळखतात, आणि बोट बंदराला लागल्याशिवाय तुझा फोन काही लागत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहायला घेतलं. कुठल्यातरी बंदरात उतरलास की वाच.

जानेवारीत आपल्या सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली होती तेव्हा तू सुट्टीवर आला होतास. मी खानावळीच्या मागच्या खोलीत कडक भाकऱ्या मोजून डब्यात भरत होते. तू दारातूनच विचारलंस, "काय करायलात काकू?"

"लेकीकडं चाललेय अमेरिकेला. चाळीस भाकऱ्या अन् दोन किलो शेंगा चटणी. तिकडचं मी काही तोंडात घालणार नाही."

लेकीनं आधीच सांगून ठेवलं होतं, ओरलँडोजवळच्या डिस्नेच्या एपकॉट नावाच्या बागेत न्यायचं म्हणून. तिथं तळ्याभोवती अकरा देश मांडलेत, प्रत्येकाची हॉटेलं वेगळी, वाढणारी माणसंही बरीचशी त्या त्या देशातनं आलेली. मी म्हटलं, फिरा तुम्ही देश, मी बाकावर बसून भाकरी खाते. अंडंसुद्धा न खाणाऱ्या बाईनं आणखी काय करायचं?

दुसरा कुणी हसला असता. तू बाकडं ओढून बसलास आणि म्हणालास, "काकू, मांस नको म्हटलं की ते मांसाचे तुकडे काढून देतील. रस्सा तोच राहील. नको काय ते सांगू नका. शिजवलंय कशात, ते विचारा."

माझा निम्मा जन्म चुलीपुढं गेला, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग तीन संध्याकाळी तू माझ्या बिलबुकाच्या मागच्या पानांवर शब्द लिहून दिलेस. लार्ड म्हणजे डुकराची चरबी, मेक्सिकोकडं घोटलेल्या राजम्याला तिचीच फोडणी देण्याची जुनी रीत. दाशी म्हणजे जपानी सूपाचं पाणी, बहुतेकदा वाळवलेल्या माशाचे काप घालून काढलेलं, त्यामुळं सूप दिसतं आपल्या कटाच्या आमटीसारखं साधं आणि असतं माशाचं. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यातनं काढतात, म्हणून गोड पदार्थ थरथरला की चौकशी करायची. वूस्टरशर नावाच्या काळ्या सॉसमध्ये मासे. आणि रेनेट. चीज म्हणजे दूधच की, असं मी म्हटलं, तेव्हा तू सांगितलंस की अस्सल पार्मेझानचं दूध वासराच्या पोटातल्या विरजणानं फाडतात. त्या दिवशी मला रात्रीचं जेवण गेलं नाही, ते सोड.

शेवटच्या दिवशी तू आणखी एक बजावलंस. "चटणीचा पुडा तिथं टेबलावर उघडायचा नाही. शेंगदाण्यानं काही जणांचा घसा सुजतो, जीवही जातो." मला राग आला होता. सोलापूरच्या बाईला शेंगा उघडू नको म्हणणारा तू कोण!

मार्चमध्ये गेलो. बाग 1982 साली उघडली म्हणे. तळ्याभोवतीची पूर्ण फेरी दोनेक किलोमीटरची. जावई कौतुकानं दाखवत होता आणि मला सारखं सिद्धेश्वराचं तळं आठवत होतं. आपल्याकडंही एका फेरीत मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू कानावर पडतंच की. फक्त तिथं प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला असतो, नाव आणि खाली गाव. मला ते फार आवडलं. आमच्या वाढप्यांना असे बिल्ले दिले तर एकावर अक्कलकोट येईल, एकावर इंडी. बाकी त्या अकरांत आपला देश नाही, हे मला चहापर्यंत खटकत राहिलं.

पहिला देश मेक्सिको. बाहेरनं दगडी पिरॅमिड, आणि आत कायमची तिन्हीसांज. भर दुपारी दिवेलागणीला बसल्यासारखं वाटतं. वाढणारीच्या बिल्ल्यावर प्युएब्ला लिहिलेलं. मी तुझं वाक्य पाठ केलेलं होतं, पण तिनं वही काढली तशी जीभ टाळूला चिकटली. लेक बोलणार तोवर मीच म्हटलं, "कुक्ड इन व्हॉट?" चुकलं असेल, पण तिला कळलं. आत जाऊन विचारून आली. राजमा चालेल, तेलातला आहे. भात नको, त्यात कोंबडीचं पाणी आहे. बघ, भात! भाताला मी कधी विचारलं नसतं.

मग तिनं कापडात गुंडाळलेल्या मक्याच्या भाकऱ्या आणल्या. त्यांना टॉर्टिया म्हणतात. मी एक हातात घेऊन उलटीपालटी केली, मोडून पाहिली. मक्याला ज्वारीसारखाच चिकटपणा नसतो, मग ही एवढी पातळ होऊनही चिरली कशी नाही? आपण ज्वारीच्या पिठाला उकळतं पाणी घालतो, हे काय घालतात? लेकीकरवी विचारलं. ती म्हणाली, चुना. मला वाटलं लेक चुकीचं सांगतेय. पानाला लावतो तो चुना? हो, तोच. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी साल सुटते, मग ओलाच वाटायचा. त्यानं पीठ धरून राहतं. जावयानं मोबाइलवर वाचून आणखी सांगितलं की मका युरोपात गेला तेव्हा ही चुन्याची रीत बरोबर गेली नाही, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग जडला. त्यातलं जीवनसत्त्व चुन्याशिवाय अंगी लागत नाही म्हणे. मी त्या बाईला हातानं भाकरी थापून दाखवली. तिनं तिच्या आजीसारखी थापून दाखवली. मागच्या टेबलावरचे लोक वाट बघत राहिले.

पुढचे देश भराभर सांगते. नॉर्वेत एक गोड पाव मिळतो, मध्ये पिवळं कस्टर्ड, कडेनं खोबरं. कस्टर्डात अंडं, त्यामुळं मी घेतला नाही, पण जावयानं तोडला तशी त्यातनं वेलची दरवळली. इतक्या थंड मुलखात वेलची कुणी नेली असेल? जर्मनीत मला खाण्यासारखं थोडंच निघालं, बाजा मात्र झकास. इटलीत पिझ्झाच्या तीन मोठ्या भट्ट्या आहेत, त्यांना तिकडच्या ज्वालामुखींची नावं, एटना, व्हेसुव्हिओ, स्ट्रॉम्बोली. मी रेनेटचं विचारल्यावर पोरगा म्हणाला, मग चीजच नको, टोमॅटो-लसणाचा खा. नुसता टोमॅटो, लसूण, ऑलिव्हचं तेल आणि खाली भाजलेला पाव. मला तो चीजवाल्यापेक्षा बरा वाटला, तुला काय वाटतं ते कळव. जपानमध्ये सूपाला दाशी होतीच, म्हणून काकिगोरी घेतलं. काकिगोरी म्हणजे आपला बर्फाचा गोळा रे! गड्ड्यावरचा! किंमत विचारू नकोस. मोरोक्कोत फक्त बसले, पाय गेले होते. तिथल्या भिंतीच्या फरशांसाठी त्यांच्या राजानं आपले कारागीर धाडले होते, ते बघत चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी त्याच डिस्नेवाल्यांच्या साना नावाच्या हॉटेलात गेलो. खिडकीबाहेर खरे जिराफ आणि झेब्रे चरतात. तिथं भारतीय धाटणीच्या पाच रोट्या आणि तोंडी लावायला नऊ वाट्या एकदम मांडतात. नान, कुलचा, पराठा, आणि वाट्यांत चिंच, कोथिंबीर, आंबा, लसणाचं लोणचं, असं. नऊ वाट्या, आणि एकीतही शेंगा चटणी नाही! माझा हात आपोआप पिशवीत गेला. पुडा बाहेर काढणार, एवढ्यात पलीकडच्या टेबलापाशी एक आचारी ओणवा होऊन एका लहान मुलीशी बोलताना दिसला. पाच-सहा वर्षांची असेल. तिची आई एकेका वाटीवर बोट ठेवत होती आणि तो मान हलवत होता, हे चालेल, हे नको. पोरगी शहाण्यासारखी ऐकत होती.

मी पुडा परत आत ढकलला.

तेव्हा मला गेल्या वर्षीचा तो मुलगा आठवला. तुलाही आठवत असेल, तू कोपऱ्यात जेवत होतास. कॉलेजचा, नवीन, बाहेरगावचा. त्यानं आमटीत शेंगदाणा आहे का विचारलं, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सोलापुरात येऊन शेंगा विचारतोस व्हय?" सगळे हसले. तो ताट तसंच ठेवून उठला आणि परत कधी आला नाही. मी त्याला नखरेल म्हटलं होतं. तू काही बोलला नव्हतास. बिलबुकावर शब्द लिहून देतानाही तू त्याचा विषय काढला नाहीस, हे मला परतीच्या विमानात लक्षात आलं. शब्दांसाठी आभार आहेतच, पण त्या न बोलण्यासाठी जास्त.

आल्यावर फळा नवीन केला. भाजीपुढं कूट असेल तर लाल खडूनं 'कूट' लिहिते. पहिल्या दिवशी सगळ्याच ओळींपुढं लाल झालं, आमटी, वांगं, कोशिंबीर, मुद्दा भाजीसुद्धा. मग रोज एक भाजी आणि एक वरण बिनकुटाचं करायला सुरुवात केली. त्याचं पातेलं वेगळं, पळी वेगळी. वाढप्यांची कुरकुर चालू आहे. त्या मुलाचा पत्ता दोघातिघांना विचारला, मिळाला नाही. तुझ्या ओळखीत कुणी त्या कॉलेजात असेल तर निरोप दे.

चाळीसपैकी अकरा भाकऱ्या लेकीकडंच ठेवून आले. तुझी आई बरी आहे, गुडघ्याचं चालूच आहे. तुला चटणी पाठवायची आहे, पण तुमच्या बोटीवरच्या स्वयंपाकघरात शेंगदाणा चालतो का, ते आधी विचारून कळव. मग पाठवते.

तुझी,
खानावळवाली काकू