प्रकल्प संपल्यावर ताईंचा फोन कोण उचलणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली नैराश्यावर अ‍ॅपवरून समुपदेशनाची बातमी वाचली. परदेशी विद्यापीठाशी करार, टॅबलेट घेऊन गावोगाव फिरणार असलेल्या मुली, आणि पुष्पगुच्छ देतानाचा फोटो. रात्री पुन्हा एकदा वाचली आणि सकाळी चहा झाल्याबरोबर हे पत्र लिहायला बसले. बातमीत दोन ठिकाणी ‘देशात प्रथमच’ असे छापले आहे. ते खरे नाही. ‘प्रथमच’ म्हटले की मागच्यांचे काय झाले हे विचारावे लागत नाही, आणि तुमच्या प्रतिनिधीने ते विचारलेलेच नाही.

शेजारच्या गोव्यात ‘संगत’ ही संस्था 1996 पासून काम करते आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या 495 रुग्णांचा अभ्यास केला. पैसा लंडनच्या वेलकम ट्रस्टचा होता. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी पाहिले, तर त्या बैठका मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यात 39 टक्के. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2017 साली हे छापून आले आहे. आपल्याच नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पात गावातल्याच माणसांनी मोबाइलवर छोट्या फिल्म दाखवून लोकांना बोलते केले, त्याला कॅनडाचा निधी होता. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा असाच उपक्रम झाला. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे लोक 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. सीमेपलीकडे रावळपिंडीच्या खेड्यांत सरकारी आरोग्यसेविकांनी बाळंतिणींना घरी जाऊन धीर दिला, आणि सहा महिन्यांनी त्यांच्यात नैराश्यात असलेल्या बायांचे प्रमाण 23 टक्के दिसले; ज्यांना असा धीर मिळाला नाही त्यांच्यात 53 टक्के. हे 2008 सालचे. पुढे त्याच पद्धतीवरून गावातल्याच बायांनी बाळंतिणींशी बोलायची रीत बसवली गेली, आणि ती गोवा आणि रावळपिंडी दोन्हीकडे तपासली गेली. भारत-पाकिस्तानने मिळून केलेले असे काम किती जणांना ठाऊक आहे?

मी प्राथमिक शाळेत चौतीस वर्षे शिकवले. डॉक्टर नाही. हे सगळे शोधून वाचावे लागले ते माझ्या धाकट्या जावेमुळे.

दिरांना अपघात झाला, कर्ज झाले, आणि तिचे बोलणे हळूहळू बंद पडले. ती ‘नैराश्य’ म्हणत नव्हती. ‘अक्का, जीव लागत नाही कशात,’ म्हणायची. छातीत धडधडते म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी दोनदा सलाइन लावले. त्याच सुमारास एका अभ्यासात आमचे गाव निवडले गेले, त्यातही परदेशी विद्यापीठ होते. दर गुरुवारी अकरा वाजता स्कूटीवरून एक मुलगी यायची. पंचवीस-सव्वीस वर्षांची, शेजारच्याच गावची. सगळ्या बाया तिला ताई म्हणायच्या.

पहिल्या दिवशी तिने टॅबलेटवरचे नऊ प्रश्न विचारले. पहिलाच प्रश्न, ‘कामात रस वाटतो का?’ जाऊ नुसती बघत राहिली. ताईंनी टॅबलेट चटईवर पालथा ठेवला आणि विचारले, ‘वहिनी, भाकऱ्या थापताना आधी कसं वाटायचं, आणि आता कसं वाटतं?’ त्यावर जाऊ वीस मिनिटे बोलली. पाच महिन्यांत तिला इतके बोलताना मी ऐकले नव्हते. उत्तरे भरायचे काम ताईंनी नंतर केले.

मग वही आली. साधी दोनशे पानी वही, ताईंनी पट्टीने रकाने आखून दिलेली: काय करायचे ठरले, केले की नाही, केल्यावर मनाला कसे वाटले. ‘मन बरं झालं की काम करीन असं म्हणू नका. काम आधी, मन मागनं येतं,’ असे त्या म्हणायच्या. पहिल्या आठवड्यात एकच काम होते, संध्याकाळी पाचला शेवग्याखाली जाऊन बसायचे. तिसऱ्या आठवड्यात शेळीला पाला. पाचव्या आठवड्यात जावेच्या अक्षरात लिहिलेले आहे: ‘थालीपीठ लावलं. दोन खाल्ली. बरं वाटलं.’ ते वाचून दीर पडवीत जाऊन बसले, बराच वेळ आत आले नाहीत. पहिल्या दिवशी नऊ प्रश्नांचे एकोणीस गुण झाले होते (गुण जास्त म्हणजे त्रास जास्त), आठव्या बैठकीला सहा झाले. ही पद्धत काम करते हे मी वाचून सांगत नाही, आमच्या स्वयंपाकघरात पाहिले आहे. म्हणून माझा राग अभ्यासावर नाही, हे कृपा करून लक्षात घ्यावे.

मार्चमध्ये प्रकल्प संपला. पुढच्या पावसाळ्यात जाऊ पुन्हा अंथरुणाला खिळली. ताईंचा नंबर लावला तर तो वापरात नाही असे ऐकू आले. दोन महिन्यांनी त्या मला एसटी स्टँडवर भेटल्या. एका कापड दुकानात हिशेब लिहीत होत्या. म्हणाल्या, ‘बाई, सिम प्रकल्पाचं होतं, शेवटच्या दिवशी जमा करून घेतलं. त्यावर अजून बायकांचे फोन येत असतील.’ बोलता बोलता त्यांना रडू आले. अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरीवर दोन वर्षे काम केलेली ही मुलगी. गावातल्या कुठल्या बाईचे काय दुखते हे तिच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते, आणि ती परकरांचे बिल करत होती.

त्यानंतर वर्षाची तपासणी म्हणून एक नवा मुलगा टॅबलेट घेऊन आला. तेच नऊ प्रश्न. जगण्यापेक्षा मेलेले बरे असे विचार येतात का, या नवव्या प्रश्नाला जाऊ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘काही दिवस.’ मुलगा घाबरला, त्याने वरिष्ठांना फोन केला, जिल्हा रुग्णालयाच्या पत्त्याची छापील चिठ्ठी दिली. त्याला नेमून दिले होते तेवढे त्याने केले, त्याला मी बोल लावत नाही. आम्ही दुसऱ्याच दिवशी अठ्ठावन्न किलोमीटर जाऊन डॉक्टरांना दाखवले, गोळ्या सुरू झाल्या, आज ती सावरली आहे. पण तिचे ‘काही दिवस’ त्या टॅबलेटमधून कुठल्या तरी देशातल्या तक्त्यात जाऊन बसले, आणि तिच्याशी बोलणारी मुलगी दुकानात. या दोन गोष्टी मला अजूनही एकत्र सोसवत नाहीत.

अभ्यासातून काय निघाले ते विचारायला मी कार्यालयात फोन केला. एका बाईंनी नम्रपणे एक लिंक पाठवली. लेख इंग्रजीत होता, आणि पूर्ण वाचायला डॉलरमध्ये पैसे मागत होता. ज्या बायकांनी दोन वर्षे उत्तरे दिली त्यांना ग्रामसभेत उभे राहून कुणीतरी मराठीत दहा मिनिटे सांगायला नको का?

परदेशी संस्था असलेल्या आरोग्य संशोधनाला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत संशोधन संपल्यावर लोकांना त्याचा लाभ मिळण्याबद्दल लिहिलेले आहे. म्हणजे माझे मागणे नवीन नाही, कागदावर आहेच. मग करारावर सह्या होतात त्याच दिवशी ठरायला हवे की शेवटच्या महिन्यानंतर या मुलींचा पगार कोण देणार, जिल्हा परिषद की आरोग्य खाते, आणि बायकांकडे असलेला नंबर कोण चालू ठेवणार. कालच्या बातमीत कराराची रक्कम आहे, विद्यापीठाचा जगातला क्रमांक आहे. हे नाही.

आणि अ‍ॅप तर कायम राहील, असेही कुणी समजू नये. अमेरिकेतले ‘वोबॉट’ हे बोलणारे अ‍ॅप 2017 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 70 तरुणांवर तपासले होते, त्याचा जगभर गाजावाजा झाला, आणि 2025 च्या जूनअखेर कंपनीने ते बंद केले. ताईंचे सिम आणि ते अ‍ॅप, दोन्हीकडे फोन धरून बसलेल्या माणसाच्या वाट्याला शेवटी सारखेच आले.

आता आणखी एक, त्याच पानाबद्दल. नैराश्यावर पाव पान बातमी छापलीत आणि त्यात ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक कुठेच नाही. केंद्राची ही मोफत सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, मराठीत बोलता येते, क्रमांक 14416. पाच आकडे छापायला जागा नव्हती का? कारण त्याच बातमीच्या खाली तीन चौकोनांत ‘मनःशांती, कर्जमुक्ती, शत्रुपीडा, चोवीस तासांत गुण’ अशी एका महाराजांची जाहिरात आहे, दोन मोबाइल नंबरांसकट, ठळक टायपात. बातमी वाचून ज्याच्या मनात मदत घ्यायचे आले, त्याच्या डोळ्यांसमोर तुम्ही कुठला नंबर ठेवलात, याचे उत्तर मला तुमच्याकडून हवे आहे. जाहिरातीवर वर्तमानपत्र चालते हे मला समजते. निदान त्या पानावर ती नको होती.

हे मी उगाच म्हणत नाही. काल दुपारी जावेनेही तुमचे ते पान वाचले. संध्याकाळी ताईंनी आखून दिलेली वही सहज उघडली, तर मागच्या पानावर तिने महाराजांचा नंबर लिहून ठेवलेला होता. मी तिच्यासमोरच तो खोडला आणि खाली 14416 लिहिले.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
(जावेच्या खासगीपणासाठी माझे नाव-गाव छापू नये, ही विनंती.)