लेकीला नर्सिंगला घालू का, असं तू विचारलंस म्हणून

नंदुरबार
रविवार, दुपार

प्रिय मंगल,

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, येते म्हणाले आणि आले नाही. तू आमच्या दारातल्या झोक्यापाशी दोनदा येऊन गेलीस, असं वहिनीनं सांगितलं. फार वाईट वाटलं गं. एक सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर, दुसरीची बदली झाली, तिच्या जागी कुणी आलेलं नाही. माझी सुट्टी आदल्या दिवशी संध्याकाळी रद्द झाली.

तुझा मेसेज चार दिवस झाले तसाच ठेवलाय. लेक सीईटी देऊन बसलीय, नर्सिंगच म्हणते, तिचे बाबा नको म्हणतात, तू सांग. फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

लोकांना वाटतं, आमच्या कामात अवघड म्हणजे रक्त, घाण, रात्रपाळी. त्याची सवय होते, खरंच होते. नाईटनंतर दुपारी पत्रा तापलेल्या खोलीत झोप लागत नाही, पाय सुजतात, सणवार जातात, हेही अंगवळणी पडतं. मला अजून जमलेलं नाही ते एकच. पेशंटला "येते हं" म्हणायचं आणि जाता न येणं.

गेल्या श्रावणातली एक रात्र सांगते. फिमेल वॉर्ड आणि कॅज्युअल्टी, दोन्हींकडे मी एकटी. पुस्तकात जनरल वॉर्डला सहा पेशंटमागे एक सिस्टर लिहिलंय, माझ्याकडे त्या रात्री चौतीस होते. साडेबाराला कोपऱ्यातल्या कॉटवरच्या आजीनं हाक मारली. खुब्याचं हाड मोडलेलं, उठता येत नव्हतं, भांडं हवं होतं. मी म्हटलं, "येते हं आजी," आणि तेवढ्यात खाली जीप थांबल्याचा आवाज आला.

चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, कापसात निंदायला गेला असताना साप चावलेला. दुपारी चावला होता, मध्ये भगताकडे तीन तास गेले. साप कुणी पाहिला नव्हता. डॉक्टर लेबर रूममध्ये अडकलेले, त्यांनी तिथूनच सांगितलं, रक्त लावून ठेवा. कोरडी, स्वच्छ काचेची नळी घ्यायची, प्लॅस्टिकची चालत नाही. त्यात दोन एमएल रक्त घालून वीस मिनिटं अजिबात हलवायची नाही. मग तिरकी करून बघायचं. गोठलं नसेल, तर घोणस किंवा फुरसं धरून चालायचं. ती वीस मिनिटं नुसती बसायची नसतात. नाग-मण्यार असेल तर पापण्या जड होतात, श्वास मंदावतो, म्हणून त्याच्याशी सतत बोलत होते, डोळे उघड, माझ्याकडे बघ, शाळेचं नाव सांग. त्याची आई माझा पदर, म्हणजे ॲप्रनचं टोक, धरून उभी होती.

नळी तिरकी केली आणि रक्त पाण्यासारखं काठापर्यंत आलं.

मग सापाच्या लसीच्या दहा बाटल्या. त्यात पावडर असते, प्रत्येकीत दहा एमएल पाणी घालून ती विरघळवायची. जोरात हलवली तर फेस होतो, म्हणून बाटली दोन तळव्यांत धरून हळूहळू फिरवत बसावं लागतं. एकीकडे मुलाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलेलं, आणि मी बाटल्या फिरवतेय. ॲड्रिनलिन भरून उशाशी ठेवलं, कारण लसीची रिॲक्शन आली तर शोधायला वेळ नसतो. सलाईनमधून लस सुरू झाली. अंगावर गांधी उठतायत का, बीपी पडतंय का, हे बघत पुढचा तास गेला.

मुलगा वाचला. चौथ्या दिवशी पायावर सूज घेऊन, पण चालत गेला.

मी वर गेले तेव्हा पावणेतीन झाले होते. आजीची चादर ओली. ती जागी होती आणि मला चिडून काही बोलेल म्हणून मी दारातच थबकले. ती म्हणाली, "माय, तुनी वाट देखी देखी मना डोया लागी गया," आणि ओली चादर स्वतःच्या हातानं ओढून झाकायला लागली. तिची लाज बघून मला तिथं उभं राहवेना. मावशी आणि मी मिळून चादर बदलली, अंग पुसलं. बाटल्या तशाच फिरवल्या असत्या गं मी पुन्हा. पण तरीही.

मंगल, हे तुझ्या लेकीला कुठल्याच पुस्तकात शिकवणार नाहीत. वॉर्डात दहा जण हाका मारत असतात आणि कुणाला थांबवायचं ते तुलाच ठरवावं लागतं.

इथं धडगाव-अक्कलकुवा भागातली सिकलसेलची मुलं येतात. रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात, मग हाडं ठणकतात. बाहेरून काही दिसत नाही, सूज नाही, जखम नाही. म्हणून नव्या मुली म्हणतात, नाटक करतेय. एका पावरा आदिवासी मुलीला तसं म्हटलेलं मी ऐकलं आणि वॉर्डात सगळ्यांसमोर ओरडले. तिला तिची भाषा सोडून काही येत नव्हतं. ठणका किती आहे हे ती माझं बोट दाबून सांगायची. वेदनेचं इंजेक्शन कुलपात, ऑर्डर डॉक्टरांची, आणि मुलीच्या मुठीत माझं बोट.

नातेवाइकांचं काय सांगू. डॉक्टर समोर नसतात, सिस्टर असते, म्हणून राग आमच्यावर निघतो. एकानं माझ्या अंगावर सलाईनचा स्टँड उगारला होता. 2010 चा कायदा आहे, अजामीनपात्र गुन्हा आहे, पण रात्री दोनला कायदा वॉर्डात नसतो. वरिष्ठांनी मला सांगितलं, मिटवून टाका.

आणि हे यांनाही सांगितलेलं नाही, तुला सांगते. दोन वर्षांपूर्वी पहाटे चारला वापरलेली सुई बोटात गेली. पेशंटला सकाळी नातेवाईक सही करून घेऊन गेले, त्याचं रक्त तपासताच आलं नाही. अठ्ठावीस दिवस गोळ्या खाल्ल्या. एचआयव्हीचा धोका हजारात तीन, हे मी विद्यार्थिनींना शिकवते. त्या महिन्यात मी धाकट्याला शेजारी झोपवलं नाही. तसं काही लागत नाही हे माहीत असूनही. रिपोर्ट चांगले आले.

कंत्राटी मुलींचा पगार, परमनंटची वाट बघण्यात जाणारी वर्षं, स्थळ बघताना "नाईट करते का" हा पहिला प्रश्न, हे तुझ्या कानावर असेलच.

हे सगळं वाचून तू नकोच म्हणशील. पण तिच्या बाबांच्या नको म्हणण्यानं तिला अडवू नकोस. घालणार असशील तर चार वर्षांचं बीएस्सीच कर म्हणावं, पुढे शिकवायलाही जाता येतं. त्याआधी तिला माझ्याकडे पाठव. अमळनेरहून सुरतेकडच्या गाडीत बसवून दे, मी नंदुरबारला स्टेशनवर येते. परवानगी मी काढते. एक रात्र माझ्याबरोबर वॉर्डात बसू दे, बाटल्या कशा फिरवतात ते बघू दे, आणि सकाळी तिला काय वाटतं ते तिलाच विचार.

तिच्याबरोबर कळण्याचं पीठ पाठवशील ना? इथं तसं मिळत नाही. आज पुन्हा नाईट आहे, आता तासभर पडते.

तुझीच,
पोरी