लाइट गेल्यावर मेणबत्तीच कशाला?

संपादक साहेब,

लाइट गेली की अजूनही मेणबत्ती शोधत फिरणारे लोक बघून हसू येतं आणि भीतीही वाटते, पडद्याजवळ ज्योत ठेवून झोपतात राव! यूएसबीवर चालणारा १ वॉटचा एलईडी दिवा आणि मोबाइलसाठी घेतलेली पॉवर बँक एवढ्यावर काम भागतं. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत साधारण ३७ वॉट-तास ऊर्जा असते (म्हणजे १ वॉटचा दिवा ३७ तास चालेल इतकी), आतल्या बॅटरीचं व्होल्टेज यूएसबीसाठी वाढवताना थोडी वाया गेली तरी असा दिवा २५ तासांच्या आसपास चालतो, म्हणजे दोन रात्री आरामात निघाल्या. दिव्याचं तोंड छताकडे करा, डोळ्यांवर येत नाही आणि अख्ख्या खोलीत उजेड पसरतो.

एक गोम मात्र आहे, जी खोक्यावर सहसा लिहिलेली नसते. दिवा फारच कमी वीज घेणारा असला तर काही पॉवर बँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही आणि त्या थोड्या वेळात आपोआप बंद पडतात, तेव्हा आधीच लावून बघा. फुगलेल्या बँकेला लांबूनच नमस्कार, ती चार्जला लावूच नका. बाकी दोन-तीन महिन्यांनी चार्जिंग तपासायचं, नाहीतर ऐनवेळी तीही ठप्प.

– एक वाचक