पहिलीच्या वर्गातला दुसरा च : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : च, ज, झ यांचे दोन उच्चार पहिली-दुसरीत रीतसर शिकवण्याबाबत.

महोदय,

सांगली जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी सगळी नोकरी झाली, आधी विट्याच्या बाजूला आणि नंतर जतच्या पूर्व भागात. नोकरीत असताना मंत्र्यांना असं उघड पत्र लिहिता येत नाही. आता निवृत्त आहे, म्हणून लिहिते.

'मराठी जशी बोलतात तशीच लिहितात' हे वाक्य आम्ही डी.एड.पासून ऐकत आलो. पहिलीच्या वर्गात ते टिकत नाही. फळ्यावर लिहा : 'माझा चुलता चार ठिकाणी चारा टाकतो.' आता मोठ्याने वाचा. 'चार'मधला च टाळूला जीभ लावून येतो, 'चारा'मधला दातांमागून, त्सच्या जवळचा. 'माझा'मधला झ दातांकडचा, पण त्यालाच वेलांटी देऊन 'माझी' केलं की तो टाळूकडे सरकतो. 'चा, ची, चे' या प्रत्ययांचंही तेच. 'जरा थांब' म्हणतानाचा ज निराळा आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा'तला निराळा, लिहायला मात्र दोन्ही शब्द हुबेहूब सारखे.

मोठ्यांच्या हे लक्षात येत नाही, कारण शब्द आधीपासून तोंडात बसलेला असतो. अक्षराला अक्षर जोडत वाचणाऱ्या मुलाचं तसं नसतं. भिंतीवरच्या तक्त्यातला 'ज जहाजाचा' त्याला पाठ असतो. पुढे 'जाळं' आलं की ते जहाजातलाच ज घेऊन 'ज्याळं' म्हणतं आणि अडकतं. घरी शंभरदा ऐकलेला शब्द, पण कागदावर त्याला तो ओळखू येत नाही. त्याच तक्त्यावर शेजारी 'झ झाडाचा' असतो, तो दातांकडचा! दोन शेजारी अक्षरं दोन वेगळ्या जागांहून उच्चारायची आणि त्याबद्दल मुलाला चकार शब्द सांगायचा नाही, अशी आमची पद्धत.

मराठी घरातलं मूल उशिरा का होईना, यातून वाट काढतं. जत तालुक्यात सीमेलगतच्या कित्येक घरांत कन्नड बोलतात. तिथे कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत, पण मराठी शाळेत येणारी कन्नडभाषक मुलं काही कमी नाहीत. कन्नडमध्ये च आणि ज टाळूकडचेच. त्या मुलांना 'चूल', 'चाक', 'जागा' यांतला आवाज कुणी कानावर घातल्याशिवाय येणार कसा? खानापूर-आटपाडीकडे दुसरीच तऱ्हा. तिथली गलाईवाली कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली. मूल बालवाडीला परमुलखात, हिंदीत किंवा तमिळमध्ये, आणि दुसरीला आजी-आजोबांकडे गावी. मग ते वाचतं, 'च्युलीवर'. वर्ग हसतो, आणि पुढचे काही महिने ते मूल मोठ्याने वाचायचंच टाळतं.

खरं तर शिकवायला हे अवघड नाही. इ, ई, ए यांच्यासोबत आणि य जोडून आला की हा उच्चार टाळूकडचाच : चिमणी, चेंडू, जीभ, जेवण, झेंडा, आमच्या. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्दही तसेच : चंद्र, चरण, जल. अ, आ, उ, ओ यांच्यासोबतच्या घरगुती शब्दांत बहुतेक वेळा दातांकडचा : चव, चाक, चूल, चोच, जागा, जोडा, झरा, झोप. अपवाद रोजच्या वापरातलेच आहेत : चार, चाळीस, चांगला, चहा. नियम मुलांना पाठ करायला लावू नये, तो बाईंना आणि गुरुजींना माहीत असला की पुरे. मुलांना शब्दांच्या जोड्या ऐकवायच्या, म्हणायला लावायच्या. 'चुलीवरचा चहा' दहादा म्हणताना वर्गाची करमणूक होते ती वेगळीच.

इंग्रजीच्या प्रशिक्षणात आम्हाला 'सी'चे दोन आवाज शिकवले, कॅटचा क आणि सिटीचा स. ते योग्यच होतं. तेवढीच मेहनत मराठीच्या च वर का नको?

लहान मुलांच्या पायाभूत वाचन-लेखन-गणितासाठीचं केंद्राचं निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं. तिसरीअखेर मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असं त्याचं लक्ष्य आहे. दर ओळीला एखाद्या च-ज पाशी अडखळणारं मूल तिथे मागे पडतं, आणि आपण ते 'अप्रगत' म्हणून नोंदवतो. वर्णमाला आणि अक्षरलेखन यांबद्दल शासनाने २००९ मध्ये निर्णय काढला, २०२२ मध्ये तो अद्ययावत केला. ल आणि श यांच्या वळणांवर तेव्हा शिक्षकांत केवढी चर्चा झाली! आवाजांबद्दल तशी चर्चा व्हावी, एवढंच मागणं आहे.

नवं अक्षर किंवा अक्षराखाली टिंब नको, मुलांवर आधीच पुरेसा भार आहे. बालभारतीच्या शिक्षक-पुस्तिकेत यासाठी दोन पानं द्या. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडला या शब्दांचं ध्वनिमुद्रण जोडा, तेही माणसाच्या आवाजात. आणि पहिलीत च शिकवताना आधी एकाच उच्चाराचे शब्द येऊ द्या, दुसरा उच्चार काही दिवसांनी, सांगून सवरून. अनुस्वाराचाही विचार याच पानांवर व्हावा : 'अंगण' आणि 'आंबा' यांतल्या टिंबाचा आवाज एक नाही, आणि 'अं' म्हणजे 'अम्' असं घोकलेली मुलं 'अम्गण' वाचताना मी ऐकली आहेत.

एक भीतीही सांगते. यातून 'शुद्ध उच्चार' नावाचा नवा रकाना तोंडी परीक्षेत येऊ नये. आमच्याकडचं मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणतं, पण 'चार' आणि 'चारा' यांत कधी चुकत नाही. त्याच्या बोलीला गुण कापण्याचं हत्यार कुणाच्या हाती देऊ नका.

सुरुवात सांगलीच्या डाएटमधून (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतून) करायची असेल, तर जत, खानापूर आणि आटपाडीच्या पहिली-दुसरीच्या शिक्षकांना आधी बोलवा. मुलं कुठल्या शब्दावर अडतात, हे त्यांना विचारलं तर यादी अर्ध्या दिवसात तयार होईल.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
जि. सांगली