ड्रेसरकाकांना, भुरीच्या घरून

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तोंडावर तुम्ही मला आभार मानू देत नाही. दोनदा प्रयत्न केला. एकदा तुम्ही "च्या गार होतोय" म्हणालात आणि एकदा चपला घालून सरळ बाहेर पडलात. आता तुमची नात मोबाइलवरून वाचून दाखवेल, तेव्हा शेवटपर्यंत ऐका. मध्ये उठू नका.

भुरी जाऊन दीड महिना झाला. साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळच्या गटारीतून उचलून आणली तेव्हा दोन्ही ओंजळीत मावत होती. गेली तेव्हा १३ वर्षांची होती. गावठी कुत्री, भुरकट रंग, डावा कान कायम पडलेला. हे तुम्हाला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना ती कोण होती ते कळायला हवं म्हणून लिहिलं.

चैत्रात ती फार पाणी प्यायला लागली. उन्हाळा आहे, पिणारच, असं मला वाटलं. दिवसातून तीनदा भांडं भरावं लागतंय याचा उलट आनंद व्हायचा. मग खाणं सुटलं, तोंडाला उग्र वास यायला लागला. रक्त तपासलं तेव्हा दोन्ही किडन्या निकामी होत आल्याचं कळलं. डॉक्टरांनी रोज सलाईन द्यायला सांगितलं. पण रिक्षात बसवली की ती थरथर कापायची, अंगाखाली ओलं करायची. तेव्हा शेजारच्या वहिनींनी तुमचं नाव सांगितलं. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात उभा जन्म ड्रेसर म्हणून काढलाय, आता घरीच असतात, विचारून बघा, म्हणाल्या.

तुम्ही आलात आणि मला काही विचारायच्या आधी तिच्याजवळ फरशीवर मांडी घालून बसलात. पाच-दहा मिनिटं नुसतेच. हात तिच्या नाकापुढं ठेवून. ती तुमच्या मनगटाशी डोकं टेकेपर्यंत तुम्ही पिशवी उघडली नाहीत.

बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, गार पाणी कातडीखाली गेलं की हुडहुडी भरते. मग खिडकीच्या गजाला टांगायची. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून वर उचलली की खाली पोकळी होते, सुई तिच्यात आडवी घालायची. पहिल्या दिवशी माझा हात इतका हलत होता की सुई आरपार गेली आणि सगळं पाणी केसांवरून ओघळलं. तुम्ही चिडला नाहीत. "परत घाला. तिला न्हाई एवढं दुखत, तुमालाच दुखतंय." चौथ्या दिवसापासून मी एकटीनं सलाईन लावायला लागले. पाठीवर मऊ टेंगूळ यायचं, रात्री ते घसरून पुढच्या पायाशी लोंबायचं, सकाळी हात फिरवला की जिरलेलं असायचं. सात आठवडे तो हात फिरवणं हाच माझा दिवस उजाडणं होता.

शेवटच्या दोन दिवसांत ती उठेना. डॉक्टर म्हणाले, आता झोपेचं इंजेक्शन देऊन सोडवू या. मी हो म्हणाले आणि लगेच मला वाटलं, मी तिला मारतेय. त्या सकाळी तुम्ही न बोलावता आलात. येताना कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन. सात आठवडे मी तिला पथ्यावर ठेवलं होतं. "आता कसलं पथ्य, ताई. द्या." तिनं पेढा खाल्ला नाही, पण माझ्या बोटाला लागलेला चाटला. दोनदा.

डॉक्टर यायच्या आधी तुम्ही मला बाजूला घेऊन जे सांगितलंत ते मला कुणीच सांगितलं नसतं. पहिल्या इंजेक्शननं ती गाढ झोपेल. दुसऱ्यानंतर डोळे मिटणार नाहीत, उघडेच राहतील, त्याला घाबरायचं नाही. सगळं थांबल्यावरही एखादा श्वास घेतल्यासारखं होईल, तो श्वास नसतो, तिला काही कळत नसतं. आणि तसंच झालं. तो शेवटचा हेलकावा आला तेव्हा मला माहीत नसतं तर मी किंचाळून उठले असते आणि तिचं डोकं मांडीवरून खाली आपटलं असतं. मी बसून राहिले. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, खाली तुमचा टॉवेल होता. शेवटपर्यंत बसता आलं, हे मला जन्मभर पुरेल.

दिरांच्या मळ्यात खड्डाही तुम्हीच घेतलात. विहिरीपासून लांब, चार फूट खोल, खाली मीठ, वर दगड आणि बाभळीची फांदी, कुणी उकरू नये म्हणून. मी माझी सुती साडी आणली होती. ती तुम्ही लेकराला गुंडाळावं तशी गुंडाळलीत.

पुढचे दिवस वाईट गेले. ऑफिसात रजेच्या अर्जावर 'तब्येत बरी नाही' असं लिहिलं. कुत्री गेली असं लिहायची हिंमत झाली नाही. एक जण म्हणाल्या, "दुसरं आण ना पिल्लू." एक म्हणाले, "कुत्रंच होतं, माणूस असतं तर काय केलं असतंस?" त्यांचं मन वाईट नव्हतं. पण माणूस गेलं की सुतक असतं, दहावा असतो, भेटायला येणारे असतात, पिठलं-भात घेऊन येणारी शेजारीण असते. इथं सकाळी उठायचं आणि कामाला लागायचं. रात्री फरशीवर नखांचा टकटक आवाज ऐकू यायचा, मी उठून दिवा लावायचे. जेवताना चपातीचा शेवटचा तुकडा आपोआप बाजूला ठेवला जायचा आणि मग त्या तुकड्याकडं बघून घास उतरायचा नाही.

त्या आठवड्यात तुम्ही रोज संध्याकाळी यायचात आणि मला सांगायला लावायचात. पाण्याचं भांडं, मी आनंदानं भरत राहिले ते तीन-चार आठवडे, सगळं. रोज तेच. तुम्ही कंटाळला नाहीत. मग एक दिवस म्हणालात, "किडनीचं दुखणं रगतात कधी दिसतंय ठाव हाय का? चार आण्यापैकी तीन आणे किडनी गेल्यावर. तवर तपासलं असतं तरी रिपोर्ट चांगलाच आला असता." मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलं. तेही म्हणाले, क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, बहुतेक वेळा साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडल्यावरच वाढलेलं दिसतं. पाणी जास्त पिताना पाहिलं तर लगेच दाखवावं, हे खरंच, आणि कुत्रं-मांजर असणाऱ्या सगळ्यांना मी आता हेच सांगते. पण मी आंधळी होते म्हणून भुरी गेली, हे जे मी रोज रात्री स्वतःला ऐकवत होते, ते त्या दिवसापासून कमी झालं. 'असं मनाला लावून घेऊ नका' हे पुष्कळांनी म्हटलं होतं. तुम्ही मला कारण दिलंत.

आणि तुमच्या वडिलांच्या सर्जाची गोष्ट. बैल गेला त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटली नाही. कातड्याचे पैसे येत होते तरी वडिलांनी तो बांधावर पुरला. पुढच्या बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, दावणीचा तो खुंटा रिकामा होता, तर आईनं खुंट्यालाच हळद-कुंकू लावलं, घुंगुरमाळ अडकवली आणि पुरणपोळी ठेवली. हे सांगताना तुमचा आवाज बसला. साठ वर्षं झाली असतील त्याला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी काही वेडीवाकडी रडत नाहीये.

त्या रविवारी तुम्ही एम-८० घेऊन दारात आलात. "बसा मागं, एक जागा दावतो." पाच किलोमीटरवरचं संगम माहुली. कृष्णा-वेण्णेचा संगम, राजघराण्याच्या समाध्या, हे सगळं शाळेच्या सहलीपासून पाहिलेलं. पण तो दगडी कुत्रा मी कधी नीट पाहिलाच नव्हता. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांचा खंड्या. शिकारीत त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं असं सांगतात. महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला. साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफनं १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासातही ही हकिगत आहे, मी नंतर शोधून वाचली. त्यानं ती राजाच्या विक्षिप्तपणात जमा केलीय. मला ते मुळीच पटलं नाही. छत्रपतींनी आपल्या कुत्र्याला राजघराण्याच्या शेजारी जागा दिली, आणि मी रजेच्या अर्जावर खोटं लिहिलं होतं.

तुम्ही त्या खंड्याच्या पाठीवरची वाळकी पानं हातानं झटकलीत. काहीच बोलला नाहीत. मी तिथं बसून रडले, पोटभर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. तुम्ही घाटाकडं तोंड करून उभे राहिलात.

परत येताना मी चपातीच्या त्या तुकड्याचं विचारलं. तो ठेवायचा की नाही? तुम्ही म्हणालात, "ठेवा की. भिंतीवर ठेवा, कावळा न्हेतो." तेव्हापासून रोज ठेवते. पहिले दोन दिवस कावळा आला नाही, मी खिडकीत उभी. तिसऱ्या दिवशी आला. आता तो माझ्या आधी येऊन बसतो.

परवा बेंदूर झाला. भुरी निजायची त्या जिन्याखालच्या कोपऱ्यात मी अर्धी पुरणपोळी ठेवली. तिचा पट्टा तिथंच खिळ्याला आहे.

काका, तुमचा टॉवेल माझ्याकडंच राहिलाय, तिच्या डोक्याखालचा. धुऊन, घडी करून ठेवलाय, या रविवारी घेऊन येते. त्यात तिचे भुरे केस अजून आहेत. एकदा धुतल्यावर निघाले नाहीत, आणि दुसऱ्यांदा मी धुतला नाही. तुम्हाला चालेल ना?

तुमची,
भुरीची आई
शाहूपुरी, सातारा