तक्रार : अभिलेख न तपासता ठरवलेली शेताची हद्द

प्रति,
मा. व्यवस्थापक,
मोजणी विभाग

विषय : चुकीची हद्द दाखवल्याबद्दल फेरमोजणी व शुल्क परत मिळण्याबाबत.

महोदय,

कुंपण घालण्यासाठी आपल्या कंपनीने आमच्या गटाची मोजणी केली, नकाशा दिला आणि चारही कोपऱ्यांवर सिमेंटचे खांब रोवले. नकाशावर ०.९१ हेक्टर आहे, सातबाऱ्यावरही तेवढेच आहे, आणि मोजणी बरोबर असल्याचा एवढाच पुरावा आपले सर्वेअर देत आहेत. क्षेत्र जुळते, हद्द जुळत नाही. तीन चुका एकमेकींत जिरल्यामुळे तो आकडा जमला आहे.

पहिली चूक टिपण, म्हणजे मूळ मोजणीतला मापे लिहिलेला शेताचा कच्चा नकाशा, वाचण्याची. टिपणातली मापे शंकू साखळीत असतात. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. आमच्या टिपणात पूर्व-पश्चिम बाजू १२-६ आहे, म्हणजे १२ साखळ्या ६ आणे, ४०८ फूट साडेचार इंच. आपल्या ड्रॉइंगमध्ये ती १२.६ साखळ्या धरली आणि ४१५.८ फूट झाली. आण्यांचे दशांश केले, म्हणून पूर्वेची रेषा जवळपास साडेसात फूट शेजारच्या गटात गेली. गुणाकार बुकाची, म्हणजे टिपणाच्या मापांवरून क्षेत्र काढलेल्या वहीची, नक्कल काढली असती तर हे तिथेच उघड झाले असते. शेत जवळपास काटकोनी आहे, दुसरी बाजू ७-४. योग्य मापांनी गुणाकार पावणेनव्वद गुंठ्यांच्या आसपास येतो आणि आकारबंदातल्या, म्हणजे क्षेत्र व आकारणीच्या नोंदवहीतल्या, २ एकर १० गुंठ्यांशी (९० गुंठे, म्हणजेच ०.९१ हेक्टर) बसतो. १२.६ घेतले की तो ९१ गुंठ्यांच्या वर जातो.

दुसरी चूक कजाप, म्हणजे क्षेत्रातले बदल नोंदवणारे कमी-जास्त पत्रक, न पाहण्याची. उत्तरेचा रस्ता रुंद करताना आमच्या शेताची दहा फुटांची पट्टी गेली. या पत्रकात त्याचे पावणेचार गुंठे वजा आहेत, पण त्याचा अंमल सातबाऱ्यावर यायचा राहिला आहे. जुन्या गावांत असे बऱ्याचदा होते, आणि म्हणूनच सातबाऱ्याच्या क्षेत्रावरून हद्द काढायची नसते. सातबारा हक्क आणि क्षेत्र सांगतो, रेषा कुठून जाते हे सांगत नाही.

तिसरी चूक सगळ्यांत गंभीर. रस्त्यात गेलेली जमीन भरून काढून ९१ आर (०.९१ हेक्टर) पुरे करण्यासाठी दक्षिणेची रेषा साडेपाच फूट बाहेर ढकलली गेली. नैऋत्य कोपऱ्यात बाभळीच्या बुंध्याशी जुना हद्दीचा दगड अर्धा मातीत आहे, एका अंगाला शेवाळ आलेले. टिपणात त्याची खूण आहे. तरी रोव्हरचे (उपग्रहाच्या साहाय्याने जागा मोजणाऱ्या यंत्राचे) वाचन दगडावर न घेता तारेच्या खांबावर घेतले, आणि आपला सिमेंटचा खांब त्या दगडाच्याही पलीकडे, लगतदाराच्या उसात उभा आहे.

गाव नकाशाशी पडताळणी केली, हे आपले उत्तर मान्य करता येत नाही. आमच्या गावाचा नकाशा मैलाला ८ इंच या प्रमाणाचा आहे. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर चार मीटर, म्हणजे सुमारे तेरा फूट रुंद पडते. गटांची मांडणी पाहायला तो उपयोगी आहे. साडेपाच फुटांचा वाद त्याने सुटत नाही. रोव्हर कितीही अचूक असो, तो तुम्ही दिलेल्या बिंदूपर्यंतच नेतो. बिंदू कोणता, हे अभिलेखच सांगतो.

कोटेशनमध्ये ‘अभिलेख तपासणी’ असा वेगळा आकार लावला आहे. प्रत्यक्षात आम्ही दिलेल्या टिपणाच्या नकलेपलीकडे एकही कागद काढलेला दिसत नाही. लगतच्या गटांची टिपणे तर हवीच होती, कारण सामाईक बांधाचे माप दोन्हीकडे लिहिलेले असते आणि ते जुळले नाही तर कुठे थांबायचे ते कळते. गटवारीत, म्हणजे जमीन एकत्रीकरण योजनेत, जुने सर्व्हे नंबर एकत्र आले असल्याने त्या वेळचा एकत्रीकरणाचा जबाब आणि गटाचा गटबुक नकाशाही पाहायला हवा होता. पूर्वी सरकारी मोजणी झाली असल्यास तिची ‘क’ प्रत (मोजणी नकाशाची प्रत) भूमी अभिलेख कार्यालयात मागता येते. हद्द कायम करण्याचा अधिकार त्याच खात्याचा आहे, हे आम्ही जाणतो. पण ग्राहक आपल्या नकाशावर विसंबून कुंपणाचा खर्च करतो आणि शेजाऱ्याशी संबंध पणाला लावतो.

आमच्या मागण्या :

पूर्व व दक्षिण बाजूचे खांब आठ दिवसांत आपल्या खर्चाने काढावेत आणि दिलेला नकाशा रद्द असल्याचे लेखी कळवावे. वरील सर्व नकला काढून, दोन्ही लगतदारांना आधी लेखी कळवून, जुन्या दगडापासून विनाशुल्क फेरमोजणी करावी. नव्या नकाशावर अभिलेखाची हद्द व वहिवाटीची हद्द वेगवेगळ्या रेषांनी दाखवावी आणि कोणत्या कागदावरून कोणते माप घेतले ते लिहावे. अभिलेख तपासणीचा आकार परत करावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल केली जाईल. टिपणाची नक्कल, आपला नकाशा, कोटेशन आणि दगड व खांबाची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपला,
गटधारक ग्राहक