वास्तू दुरुस्त करताना वस्तीचाही विचार व्हावा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

बडोद्याच्या चार दरवाज्यांच्या आतील जुन्या इमारतींचा विषय निघाला की चर्चा बहुधा पर्यटकांपाशी येऊन थांबते. मांडवी, लहेरीपुरा, पाणीगेट, बाजवाडा या भागांत आज राहणारी माणसे मात्र बरीचशी तुटपुंज्या कमाईवर घर चालवणारी आहेत. त्यांत फेरीवाले आहेत, दुकानांतले नोकर आहेत, घरी शिवणकाम करणाऱ्या बायका आहेत. या वास्तूंच्या नूतनीकरणाचा पहिला लाभ त्यांना मिळावा, आणि तो कोणत्या रूपात मिळणार हे निविदा निघण्याआधी ठरावे, एवढ्यासाठी हे पत्र.

न्यायमंदिराचेच पाहा. १८९६ साली पूर्ण झालेली ही इमारत मुळात भाजीमंडईसाठी योजली होती; पुढे तिथे न्यायालय भरू लागले आणि २०१८ मध्ये ते दिवाळीपुऱ्यातील नव्या संकुलात गेले. न्यायालयाबरोबर टंकलेखक, मुद्रांकविक्रेते, झेरॉक्सवाले, चहावाले यांचे गिऱ्हाईकही गेले. तिथे शहराचे संग्रहालय व्हावे ही कल्पना मला मान्य आहे, परंतु एवढ्या मोठ्या वास्तूत रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका, एखादा लहानसा दवाखाना आणि मंगळबाजारात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृह यांना जागा मिळू नये, असे काहीच कारण नाही. एका खोलीत पाच-सहा माणसे राहत असतील, तर दहावीच्या मुलाने पुस्तक उघडून बसायचे कुठे? ज्या संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले आणि १९१० पासून गावोगावी ग्रंथालये उभी राहिली, त्याच्या राजधानीत ही मागणी नवी वाटू नये. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय आजही त्याच दाट वस्तीत उभे आहे.

दुसरा लाभ रोजगाराचा, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. नवी इमारत उभारताना खर्चाचा मोठा भाग सिमेंट, लोखंड आणि यंत्रे यांवर जातो. जुन्या वास्तूच्या दुरुस्तीत तो मजुरीवर जातो, आणि ते हात जवळच्या वस्तीतले असतील तर पैसा तिथल्याच बाजारात फिरतो. आमच्या गल्लीतल्या एका वाड्याचा सागवानी खांब बुडाशी कुजला होता, कारण पूर्वी कोणीतरी भोवतीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता आणि आत कोंडलेली ओल लाकडात उतरत राहिली. सुताराने वरच्या तुळईला टेकू दिला, कुजका भाग कापला, खाच पाडून नव्या सागाचा तुकडा सांधला आणि भिंतीला पुन्हा चुन्याचा गिलावा करवून घेतला. चुना भिजवणे, मळणे, त्यावर पाणी मारत राहणे हे सबुरीचे काम आहे आणि ते जाणणारे गवंडी आता थोडेच उरले आहेत. महापालिकेने प्रत्येक दुरुस्तीच्या ठिकाणी परिसरातील काही तरुणांना पगार देऊन हे काम शिकवण्याची अट ठेकेदाराला घालावी. रावपुऱ्यातील तांबेकर वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, पण इतर कितीतरी वाड्यांना वाली नाही. त्यांच्यासाठी हे कसब असलेली माणसे लागणारच आहेत.

खरी अडचण भाडेकरूंची आहे. जुन्या भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला जागा सोडवत नाही, आणि शेवटी एखाद्या पावसाळ्यात भिंत खचते, मग सगळ्यांनाच बाहेर पडावे लागते. अहमदाबादेत वारसा घरांच्या मालकांना टीडीआर, म्हणजे आपल्या जागेवर न वापरता येणारा बांधकामाचा हक्क, दुसऱ्याला विकून दुरुस्तीसाठी पैसा उभा करण्याची सोय आहे. तशी सोय इथे करताना ‘राहत्या भाडेकरूला त्याच वाड्यात परत जागा’ ही अट लेखी असली पाहिजे, नाहीतर वाडा दुरुस्त होईल आणि त्यातली कुटुंबे शहराच्या कडेला फेकली जातील.

हे स्वप्नरंजन आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने दिल्लीची निजामुद्दीन बस्ती पाहावी. २००७ पासून तिथे पुरातत्त्व खाते, दिल्ली महापालिका आणि आगाखान सांस्कृतिक न्यास यांनी स्मारकांच्या जीर्णोद्धारासोबत महापालिकेची शाळा आणि दवाखानाही सुधारला, बायकांना भरतकाम व कागदकामातून मिळकतीची वाट करून दिली. २००८ मध्ये तिथल्या बावडीचा, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीचा, एक भाग ढासळला, तेव्हा तिच्यावर राहणाऱ्या कुटुंबांना आधी दुसरीकडे घरांची सोय करून देण्यात आली.

जुन्या शहरातील प्रत्येक नियोजित कामाचा आराखडा महापालिकेने गुजराती, मराठी, हिंदी आणि उर्दूत वॉर्ड कचेरीबाहेर लावावा, कामकरी माणसांना येता येईल अशा संध्याकाळच्या वेळी तिथल्या रहिवाशांची सभा घ्यावी, आणि सभेतील सूचनांचे काय झाले हे निविदेसोबत प्रसिद्ध करावे. आपल्या वृत्तपत्राने या मागणीचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक
बाजवाडा, बडोदे